दास्याचीं बदलतीं नांवें

'गुलाम' हा शब्द कानावर पडतांच सुशिक्षित मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, तें बहुधा परक्या देशाचें असतें. अमेरिकेंतील कापसाचे मळे, अटलांटिक महासागर ओलांडणारीं जहाजें, पायांतील बेड्या, चव्हाट्यावरचा लिलांव आणि अखेरीस लिंकनच्या कारकीर्दींतील यादवी युद्ध, एवढ्या सामग्रीवर आमची या विषयाची कल्पना रचलेली आहे. ती शाळेंतील इतिहासाच्या पुस्तकानें आम्हांस दिली आणि पुढें ती तपासून पाहण्याची गरज आम्हांस कधीं भासली नाहीं. परिणाम असा झाला कीं, दास्य ही दूरची व होऊन गेलेली गोष्ट आहे अशी आमची पक्की समजूत होऊन बसली. साखळी दिसत नाहीं, त्या अर्थीं गुलामहि नाहीं, असा आमचा सरळ हिशेब आहे. हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो चुकल्यामुळें आजहि माणसांचे जीव जात आहेत, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हीं उपनगरें ज्या भूमीवर वसलीं आहेत, त्या साष्टी बेटाचा आणि त्याच्या भोंवतालच्या मुलुखाचा इतिहास एवढ्या कामास पुरेसा आहे.

प्रथम गुलाम कोणास म्हणावें याचा थोडा विचार केला पाहिजे. मारहाण हें गुलामगिरीचें लक्षण म्हणावें, तर जुन्या काळीं पुष्कळ धनी आपल्या दासदासींना गोडीनें वागवीत, त्यांचीं लग्नेंहि लावून देत, आणि तरी तीं माणसें दासच राहत. मजुरी न मिळणें हें लक्षण म्हणावें, तर प्रत्येक घरांतील आई विनावेतनच राबते. खरेदीविक्री हें लक्षण म्हणावें, तर दासीच्या पोटीं जन्मलेलें मूल कोणी बाजारांत विकत घेतलेलें नसे. या सर्वांच्या मुळाशीं असलेलें लक्षण एकच आहे. त्या माणसास मनांत आलें म्हणून उठून जातां येत नाहीं. तो गेलाच तर त्याला धरून आणण्याचा आपणांस हक्क आहे असें दुसरा कोणी तरी मानतो, आणि शेजारीपाजारी तो हक्क निमूटपणें कबूल करतात. पुढील विवेचनांत हीच कसोटी मी हातीं धरणार आहें. ती धरली म्हणजे नांवें कितीहि बदललीं तरी वस्तु ओळखूं येते.

१५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई आणि तिच्याबरोबर साष्टी बेट पोर्तुगीजांच्या हवालीं केलें. तेव्हांपासून १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेईपर्यंत, म्हणजे दोनशें वर्षांहून अधिक काळ, हा प्रांत पोर्तुगीज अमलाखालीं होता. या अमलांत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, विशेषतः मोझांबिकहून, आणलेले गुलाम घरोघर असत. आमच्या लोकांनीं त्यांस 'काफरी' असें नांव दिलें होतें. १६९५ सालीं जेमेल्ली कारेरी नांवाचा एक इटालियन प्रवासी या भागांत आला आणि साष्टींतील कान्हेरीचीं लेणीं पाहून गेला. गोव्याचें वर्णन करतांना त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, तेथील कित्येक पोर्तुगीज गृहस्थांपाशीं तीस-तीस चाळीस-चाळीस काफरी असत, आणि धन्याची छत्री धरणें व पालखी वाहणें अशीं कामें ते करीत. ज्या वाटांनीं आज आगगाडी व मोटारी धांवतात, त्याच वाटांनीं एके काळीं माणसाच्या खांद्यावर माणूस फिरत होता, आणि खालच्या माणसास खांदा काढून घेण्याची मुभा नव्हती.

हें परक्यांचें पाप झालें, असें म्हणून मराठी वाचक येथें सुटकेचा श्वास टाकील. तसें करण्यास त्याच्यापाशीं एक आधारहि आहे, आणि तो खरा अभिमानास्पद आहे. १६७७ सालीं कर्नाटकाच्या स्वारींत असतां शिवाजी महाराजांनीं डच व्यापाऱ्यांस जो कौल दिला, तो डचांच्या दप्तरांत राहिलेला आहे. डच लोक पूर्व किनाऱ्यावरून स्त्रीपुरुष विकत घेऊन जहाजांतून बाहेर नेत असत. या कौलांत महाराजांनीं त्यांस स्पष्टपणें बजावलें कीं, पूर्वीच्या अमलांत तुम्हांस ही मोकळीक होती खरी, परंतु हा मुलूख आमच्या हातीं आहे तोंपर्यंत येथें गुलामांची खरेदी चालणार नाहीं. सतराव्या शतकांत युरोपांतील कोणत्याहि मोठ्या दर्यावर्दी राष्ट्रानें आपल्या व्यापाऱ्यांस असा निर्बंध घातलेला नव्हता, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे या कलमाचें मोल कळतें.

तथापि इतिहासकारानें अर्धेंच पान वाचून पुस्तक मिटूं नये. पुढील शतकांत, पेशव्यांच्या अमलांत, घरगुती दास्य महाराष्ट्रांत सर्रास होतें. त्या काळच्या सरकारी कागदपत्रांत 'कुणबीण' हा शब्द पदोपदीं येतो. सरकारी कोठ्यांत, पागांत, कारखान्यांत आणि सरदारांच्या वाड्यांत या कुणबिणी दळणकांडण, शेणपाणी व इतर कष्टाचीं कामें करीत. त्यांची खरेदी होई, त्यांस बक्षीस म्हणून दिलें जाई, आणि त्यांचीं मुलेंहि धन्याचींच समजलीं जात. व्यभिचाराचा आरोप शाबीत झालेल्या स्त्रियांस दासी करून सरकारांत ठेवण्याची शिक्षाहि त्या वेळीं रूढ होती. म्हणजे न्यायासनच कांहीं अंशीं दासींचा पुरवठा करीत असे. वृद्ध झालेल्या कुणबिणीस किंवा मोबदला देणारीस मोकळें केल्याचीहि उदाहरणें आढळतात. पण मोकळें करणारा हात धन्याचाच असे.

या शब्दाकडे थोडें लक्ष पुरवावें अशी वाचकांस विनंति आहे. कुणबीण म्हणजे खरें पाहतां कुणब्याची बायको, शेतकरीण. या साध्या व सन्मानाच्या शब्दाला 'विकत घेतलेली दासी' हा अर्थ चिकटला आणि तो इतका रूढ झाला कीं, एकोणिसाव्या शतकांत मोल्सवर्थसाहेबांनीं मराठीचा कोश रचला तेव्हां त्यांस तो अर्थ नोंदवावा लागला. 'बटीक' या शब्दाचेंहि तसेंच. आज आम्ही हे शब्द वापरले तर केवळ शिवी म्हणून वापरतों. त्यांच्या मागें एक संस्था होती, हें आम्ही विसरलों आहों. उघड्या साखळीपेक्षां घरगुती शब्द हें दास्याचें अधिक बळकट आवरण आहे, हा आमच्या इतिहासाचा पहिला धडा होय.

इंग्रजी अमलांत १८४३ सालच्या पांचव्या कायद्यानें हिंदुस्थानांतील गुलामगिरी संपली, असें पाठ्यपुस्तकें सांगतात. हा कायदा अवघ्या चार कलमांचा आहे आणि तो बारकाईनें वाचण्यासारखा आहे. त्यानें गुलामांस मुक्त केल्याची घोषणा कोठेंहि केली नाहीं. सरकारी अधिकाऱ्यानें वसुलासाठीं माणूस विकूं नये. अमुक माणूस माझा गुलाम आहे अशा हक्काची कोणत्याहि न्यायालयानें अंमलबजावणी करूं नये. गुलाम होता या सबबीवर कोणाची स्वकष्टाची मिळकत हिरावून घेऊं नये. आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जो गुन्हा, तो गुलाम म्हटल्या जाणाऱ्या माणसाविरुद्धहि गुन्हाच समजावा, एवढेंच त्यानें सांगितलें. माणसाची खरेदीविक्री हा फौजदारी अपराध ठरण्यास १८६० सालच्या दंडविधानाची वाट पाहावी लागली. १८४३ सालीं न्यायालयानें 'गुलाम' या शब्दापुरते आपले डोळे मिटून घेतले, असें म्हटल्यास तें अन्यायाचें होणार नाहीं. ज्या दासीस न्यायालय कोठें आहे हेंच ठाऊक नव्हतें, तिच्या जीवनांत या कायद्यानें कांहीं फरक पडला नाहीं.

शिवाय एक दार लागलें त्याच सुमारास दुसरें उघडलें गेलें. १८५९ सालीं सरकारनें तेरावा कायदा केला. कामाबद्दल आगाऊ उचल घेऊन जो कारागीर किंवा मजूर काम करण्यास चुकेल, त्याला मॅजिस्ट्रेटनें पैसे परत करण्याचा किंवा काम पुरें करण्याचा हुकूम द्यावा, आणि तो न मानल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत तुरुंगांत धाडावें, अशी त्यांत तरतूद होती. मुंबईसह तिन्ही इलाखा-शहरांसाठीं तो प्रथम झाला. एरव्हीं करार मोडणें ही दिवाणी बाब. पण मजुरानें मोडलेला करार हा गुन्हा ठरला. जो न्यायाधीश 'हा माझा गुलाम' असें म्हणणाऱ्यास कचेरीबाहेर घालवी, तोच 'यानें माझी उचल घेतली आहे' असें म्हणणाऱ्याच्या मदतीस शिपाई देऊं लागला. हा कायदा रद्द होण्यास १९२५ साल उजाडावें लागलें. तोंपर्यंत दोन पिढ्यांच्या मनांत ही समजूत मुरली होती कीं, उचल घेतलेल्या माणसाला निघून जाण्याचा हक्कच नाहीं.

याच काळांत मुंबईचें नांव गुलामांच्या मुक्तीशीं सन्मानानें जोडलें गेलें, हेंहि सांगितलें पाहिजे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ सरकारी आरमार अरबांचीं गुलामवाहू गलबतें पकडी आणि त्यांतून सोडविलेलीं मुलें मुंबईस आणी. त्यांपैकीं कित्येकांची रवानगी नाशिकजवळच्या शरणपूर येथें, चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतींत होत असे. तेथें तीं मुलें सुतारकाम, लोहारकाम व लिहिणेंवाचणें शिकलीं. १८६५ सालीं डॉक्टर लिव्हिंग्स्टन मुंबईस आला असतां त्यानें आपल्या शेवटच्या प्रवासासाठीं यांतलेच कांहीं तरुण बरोबर घेतले. १८७३ सालीं तो आफ्रिकेच्या अंतर्भागांत वारला. तेव्हां त्याचें शव महिनोन् महिने पायीं वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणणाऱ्या मंडळींत नाशिकास शिकलेला जेकब वेनराइट होता. पुढल्या वर्षीं लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबींत दफनविधि झाला त्या वेळींहि तो हजर होता. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर हे १८७३ सालींच झांझिबारच्या सुलतानाकडे शिष्टाईस गेले, आणि त्याच वर्षीं तेथील गुलामांचा बाजार बंद झाला. मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठीं जी वसाहत त्यांच्या नांवानें स्थापन झाली, तिच्या उभारणींत नाशिकची ही मंडळी पुढें होती.

हें १८७३ साल आणखी एका कारणानें स्मरणीय आहे. जोतीराव फुले यांचें 'गुलामगिरी' हें पुस्तक याच वर्षीं प्रसिद्ध झालें, आणि तें त्यांनीं अमेरिकेंतील नीग्रो गुलामांच्या मुक्तीसाठीं झटणाऱ्या सज्जनांस अर्पण केलें. समुद्रापलीकडील गुलामाविषयीं हळहळणारे लोक त्या वेळीं मुंबईंत पुष्कळ होते. तो शब्द घेऊन स्वतःच्या गांवाकडे, स्वतःच्या समाजाकडे वळणारे जोतीराव मात्र विरळा. शरणपूरचीं आफ्रिकन मुलें साऱ्यांस दिसलीं, कारण तीं परक्या रंगाचीं होतीं व गलबतांतून आलीं होतीं. पण त्याच वेळीं ठाणें जिल्ह्याच्या रानांत जें चाललें होतें, तें कोणाच्या दृष्टीस पडलें नाहीं.

साष्टी तालुका १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा निराळा होईपर्यंत ठाणें जिल्ह्यांतच मोडत असे. त्याच जिल्ह्याच्या उत्तरेस डहाणू व उंबरगांव हे तालुके होते. तेथील वारली लोकांत 'लग्नगडी' नांवाचा एक वर्ग होता. नांव मोठें गोड आहे. ऐकणाऱ्यास वाटावें कीं, हा वरातींतला सोबती असेल. वस्तुस्थिति अशी होती कीं, तरुण वारल्यास लग्नाच्या खर्चासाठीं जमीनदाराकडून थोडें कर्ज घ्यावें लागे, आणि त्या कर्जाच्या फेडीसाठीं तो व त्याची नवी नवरी धन्याच्या शेतावर व घरीं राबत. मजुरी मिळे ती पोटापुरत्या धान्याची. हिशेब धन्याच्या वहींत आणि वही धन्याच्या घरांत. वारल्यास तर अक्षरओळखहि नसे. कर्ज फिटलें हें सांगणारा कोणीच नसल्यामुळें तें फिटत नसे. पळून गेलेल्यास मारीत परत आणीत, आणि त्याच्या बायकोवरहि धनी आपला हक्क सांगे. १९३९ सालीं डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्यानें मुंबई सरकारास आदिवासींच्या स्थितीविषयीं जो अहवाल सादर केला, त्यांत या प्रथेचें वर्णन आहे. म्हणजे १८४३ च्या कायद्याला शंभर वर्षें होत आलीं असतां, हायकोर्टापासून शंभर मैलांच्या आंत, नवराबायको लग्नाच्या दिवशींच गहाण पडत होतीं.

ही प्रथा मोडली ती मुख्यतः कायद्यानें नव्हे, तर त्या लोकांनीं स्वतः. १९४५ सालच्या जानेवारींत टिटवाळा येथें किसान सभेची परिषद भरली, तींत कांहीं वारली मंडळी गेली होती. तेथून परत आल्यावर, २३ मे १९४५ रोजीं उंबरगांव तालुक्यांतील झरी गांवीं हजारों वारली जमले आणि यापुढें वेठ करावयाची नाहीं असा त्यांनीं निश्चय केला. शामराव व गोदावरी परुळेकर हे त्यांच्या पाठीशीं होते. मग गांवोगांव फिरून या लोकांनीं लग्नगड्यांना बाहेर काढलें. त्या वर्षीं ऑक्टोबरमध्यें तलवाडा येथें जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनीं गोळीबार केला व त्यांत पांच माणसें मेलीं. तरी लग्नगडी पुन्हा धन्याच्या वाड्यांत गेले नाहींत. गोदावरीबाईंनीं ही हकीकत पुढें 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकांत सांगितली आहे. जें शंभर वर्षें अशक्य वाटत होतें तें कांहीं महिन्यांत घडलें, याचें कारण उघड आहे. धनी आपल्याला परत आणील, ही भीति एकट्याची असते तोंपर्यंतच ती टिकते.

रानांतील ही कर्जाची रीत शहरांतहि होती. मुंबईच्या कामाठीपुऱ्यांत व डंकन रोडवर ज्या मुली आणल्या जात, त्यांच्या नांवावर त्यांच्या आणण्याचा खर्च, कपडे, दागिने व औषधपाणी यांचें कर्ज मांडलें जाई, आणि लग्नगड्याच्या कर्जाप्रमाणें तेंहि कधीं फिटत नसे. १९१७ सालीं डंकन रोडवरील एका कुंटणखान्यांत एका स्त्रीचा अनन्वित छळानें अंत झाला. तिनें तेथून पळून जाण्याचा प्रयत्न केला होता. तिच्याबरोबर राहणाऱ्या स्त्रियांनीं न्यायालयांत धीटपणें साक्षी दिल्या, तेव्हां प्रतिष्ठित मुंबईस आपल्या शेजारीं काय चाललें आहे तें प्रथमच नीट कळलें. त्यानंतर चौकशी-समिति नेमली गेली आणि १९२३ सालीं इलाख्याचा पहिला वेश्याव्यवसाय-प्रतिबंधक कायदा झाला. स्वतंत्र भारताच्या घटनेच्या तेविसाव्या कलमानें माणसांचा व्यापार व वेठबिगार हीं दोन्ही निषिद्ध ठरविलीं. १९५६ सालीं अनैतिक व्यापाराविरुद्ध सर्व देशासाठीं कायदा झाला. १९७६ सालीं वेठबिगारपद्धति-निर्मूलनाचा कायदा होऊन असलीं सर्व कर्जें रद्द झालीं. तरीसुद्धां, साष्टीच्या खाडीपलीकडे वसई तालुक्यांत विवेक व विद्युल्लता पंडित यांनीं १९७९ सालीं 'विधायक संसद' स्थापन केली, त्यानंतर त्यांस तेथील आदिवासी वेठबिगारांच्या मुक्तीचें काम हातीं घ्यावें लागलें. कायदा कागदावर आला म्हणजे शेतावर पोहोंचतोच असें नाहीं, हें यावरून पुन्हा दिसलें.

सोडविणाऱ्यांनींहि आपली कसोटी स्वतःस लावून पाहिली पाहिजे, असें सांगणारा एक प्रसंग १९९६ सालचा आहे. त्या वर्षीं फेब्रुवारींत पोलिसांनीं कामाठीपुऱ्यांत मोठा छापा घालून चारशेंहून अधिक मुलींची सुटका केली. त्यांत नेपाळांतून आणलेल्या मुली सुमारें दोनशें होत्या. त्यांस मुंबईच्या उपनगरांतील व इतर ठिकाणच्या सुधारगृहांत ठेवण्यांत आलें. त्यांस परत घेण्यास नेपाळचें सरकार राजी होईना, आणि मुलींचे महिने बंद दारांआड चालले. ज्यांना दास्यांतून सोडविलें म्हणावयाचें, त्यांनाहि उठून जातां येत नव्हतें. अखेर नेपाळांतील सेवाभावी संस्थांनीं पुढाकार घेऊन सव्वाशेंच्या आसपास मुली मायदेशीं नेल्या. त्यांपैकीं पंधरा जणींनीं 'शक्ति समूह' नांवाची संस्था उभारली. माणसांच्या व्यापारांतून सुटलेल्या स्त्रियांनीं स्वतः चालविलेली ही संस्था होय. २०१३ सालीं तिला रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळालें. आमच्या शहरांत ज्यांना विकलें गेलें व आमच्याच सुधारगृहांत ज्यांना कोंडलें गेलें, त्यांनीं आपल्या देशांतील इतर मुलींस वांचविण्याचें काम अंगावर घेतलें. टिटवाळ्याहून परतलेल्या वारल्यांची आठवण यावी, असा हा प्रकार आहे.

हें सारें मागचें झालें, असें ज्यांस अजूनहि वाटत असेल त्यांनीं नाशिक जिल्ह्याकडे पुन्हा एकदां पाहावें. ज्या जिल्ह्यानें दीडशें वर्षांपूर्वीं आफ्रिकेंतील गुलाम मुलांस आसरा दिला, त्याच जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यांतील कातकरी मुलें शेजारच्या नगर जिल्ह्यांतील मेंढपाळांकडे राबत असल्याचें २०२२ सालीं उघडकीस आलें. मोबदला होता कांहीं शें रुपये आणि एखादी मेंढी. त्यांतील दहा वर्षांची एक मुलगी मरण पावली, म्हणून ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली. ती जगली असती तर कदाचित् आलीहि नसती. आईबापांनीं ज्यास 'कामाला ठेवणें' म्हटलें, धन्यानें ज्यास 'संभाळणें' म्हटलें, त्याचें जुनें नांव काय, हें वाचकांनींच ठरवावें. ठाणें व रायगड जिल्ह्यांतील कातकरी कुटुंबें पावसाळ्यांत बयाणा घेऊन पुढें वीटभट्ट्यांवर जातात, आणि कित्येकदां हंगाम संपला तरी बयाणा संपत नाहीं. १८५९ चा कायदा रद्द होऊन शंभर वर्षें झालीं. त्यानें शिकविलेला धडा मात्र मुकादमाच्या व मजुराच्याहि मनांतून गेलेला नाहीं.

आतां एक गोष्ट स्वतःविषयीं सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. मुलुंडला मी राहतों त्या इमारतींत एका बिऱ्हाडीं दहाअकरा वर्षांची एक मुलगी होती. सकाळीं मी कॉलेजांत जावयास निघे त्या वेळीं ती जिना झाडीत असे, आणि रात्रीं परतें तेव्हां भांड्यांचा आवाज ऐकूं येई. 'गांवाकडची आहे, पोटच्या पोरीसारखी राहते,' असें गृहिणीनें एकदां आपण होऊन मला सांगितलें. पोटची पोर तेव्हां शाळेच्या गणवेषांत शेजारींच उभी होती. मी मान डोलावून पुढें गेलों. तीस वर्षें मीं वर्गांत पेशवाईंतील कुणबिणींवर व्याख्यानें दिलीं आहेत. जुन्या कागदांतील दासी ओळखण्यांत माझा हातखंडा आहे, असें माझे विद्यार्थी म्हणतात. तरी ही मुलगी रोजीना गांवास जाऊं शकते काय, तिचे पैसे कोणाच्या हातीं जातात, एवढें विचारण्याची मला बुद्धि झाली नाहीं. एका दिवाळीनंतर ती दिसेनाशी झाली. ती सुखरूप घरीं गेली असेल, किंवा दुसऱ्या बिऱ्हाडीं गेली असेल. तिचें नांवहि मला माहीत नाहीं.

मला त्या वेळीं संकोच वाटला तो सभ्यपणाचा होता. दुसऱ्याच्या घरांत डोकावूं नये, ही आम्हां मध्यमवर्गीयांची रीत आहे आणि एरव्हीं ती चांगलीहि आहे. परंतु वर सांगितलेल्या इतिहासांत प्रत्येक ठिकाणीं दास्याला टिकवून धरणारी शक्ति हीच होती. पेशवाईंतील आळीनें कुणबिणीस घरचें माणूस म्हटलें, डहाणूच्या सावकारानें लग्नगड्यास गडी म्हटलें, आणि ऐकणाऱ्यांनीं तो शब्द खरा धरला. चौदा वर्षांखालील मुलास घरकामास ठेवणें २००६ सालापासून बेकायदा आहे, आणि २०१६ पासून तें वय असलेल्या मुलास बहुतेक कोणत्याहि कामास ठेवतां येत नाहीं, हें माझ्यासारख्या पुष्कळांस ठाऊक असतें. त्याचा संबंध आपल्याच जिन्याशीं आहे, हें मात्र ध्यानांत येत नाहीं.

कायद्याच्या बाजूनें आज उणें फारसें नाहीं. २०२४ च्या जुलैपासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत माणसांच्या व्यापारास जबर शिक्षा आहे. १९७६ च्या कायद्याप्रमाणें अमुक कर्ज वेठबिगारीचें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार सावकारावर आहे, मजुरावर नाहीं. आणि जिल्हाधिकाऱ्यानें मजुरास मुक्त करून त्याच्या पुनर्वसनाची व्यवस्था करावयाची आहे. १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असाहि निर्णय दिला कीं, किमान वेतनाहून कमी पैशांत काम करावें लागणें ही सुद्धां घटनेनें निषिद्ध केलेली सक्तीची मजुरी होय. अडलेल्या मुलांसाठीं १०९८ हा दूरध्वनि-क्रमांक तर १९९६ सालीं मुंबईंतच, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकारानें सुरू झाला. लग्नगड्याजवळ यांतलें एकहि साधन नव्हतें.

उणें आहे तें ओळखण्यांत. साखळी, लिलांव, गलबत हीं चिन्हें शोधीत बसणाऱ्यास आजचा गुलाम कधींच सांपडणार नाहीं, कारण आमच्या मुलुखांतील गुलामाच्या अंगावर तीं क्वचितच होतीं. त्याच्या भोंवतीं एक वही असते, एक उपकार असतो आणि एक घरगुती शब्द असतो. म्हणून वाचकांस माझी एवढीच विनंति आहे कीं, जिन्यांत, कारखान्याच्या माळ्यावर, इमारतीच्या कामावर किंवा गांवाकडच्या भट्टीवर असें माणूस दिसलें, तर त्याला काय म्हणतात इकडे लक्ष न देतां एकच प्रश्न विचारावा: याला आज घरीं जावेंसें वाटलें तर जातां येईल काय? उत्तर नीट मिळालें नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं तो प्रश्न पुन्हा विचारावा, आणि तरीहि न मिळालें तर तो पोलिसांस किंवा जिल्हाधिकाऱ्यांस विचारावयास लावावा. असें करण्यांत शेजाऱ्याचा रोष पत्करावा लागेल. मीं तो पत्करला नाहीं, आणि आतां विचारावयास ती मुलगी तेथें नाहीं.